कृष्णविवर आणि वर्महोल: कल्पना आणि पुरावा

विज्ञानकथेत कृष्णविवर आणि वर्महोल जोडीनं येतात, त्यामुळे दोन्ही सारखीच खरी वाटतात. तशी ती नाहीत. कृष्णविवराचा पुरावा आपल्या हाती आहे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेनं दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. 2019 मध्ये एम-87 दीर्घिकेच्या केंद्रातली काळी छाया आणि तिच्याभोवतीचं तेजोवलय जगानं पाहिलं. तिथलं वस्तुमान सुमारे साडेसहा अब्ज सूर्यांइतकं आहे. सिनेमातलं कृष्णविवर दिसेल ते गिळत सुटतं, हे मात्र चूक. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं, तर पृथ्वी अंधारात गोठेल, पण फिरेल आपल्याच कक्षेत. उलट ‘इंटरस्टेलर’ या सिनेमातल्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, ही अविश्वसनीय वाटणारी गोष्ट सापेक्षतेच्या नियमांत बसते. त्यासाठी कृष्णविवर स्वतःभोवती जवळजवळ कमाल वेगानं फिरत असलं पाहिजे, एवढंच.

वर्महोलची गोष्ट वेगळी. 1935 मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांना समीकरणांत अवकाशाचे दोन भाग जोडणारा पूल, म्हणजेच वर्महोल, सापडला. पण तो इतक्या झटकन मिटतो की प्रकाशही पलीकडे पोचत नाही, हे फुलर आणि व्हीलर यांनी 1962 मध्ये दाखवलं. पुढे कार्ल सेगन यांनी ‘कॉन्टॅक्ट’ कादंबरीसाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचा सल्ला घेतला, तेव्हा थॉर्न यांनी ही वाट उघडी ठेवण्याची अट शोधली: तिच्या गळ्याशी ऋण ऊर्जेचं द्रव्य हवं. 1988 मध्ये त्यांनी आणि मॉरिस यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. एका कादंबरीच्या गरजेतून खरं संशोधन उभं राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कुणी म्हणेल, कृष्णविवरही एके काळी कागदावरच होतं. 1939 मध्ये खुद्द आइन्स्टाइन यांनी त्याचं अस्तित्व नाकारलं होतं. आक्षेप रास्त आहे. पण त्याच वर्षी ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी जड तारा स्वतःच्याच भारानं कसा कोसळत जातो, याचं गणित मांडलं. त्याला नेहमीचं द्रव्य आणि गुरुत्वाकर्षण पुरतं. वर्महोल घडवणारी अशी नैसर्गिक प्रक्रिया कुणालाही ठाऊक नाही. ऋण ऊर्जा ही काही निव्वळ कल्पना नव्हे; कॅसिमिर परिणामात, अगदी जवळ ठेवलेल्या धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये ती मानली जाते. पण ती अत्यल्प असते, आणि माणूस जाईल एवढं दार उघडं धरायला तिचा प्रचंड साठा लागेल. शिवाय फोर्ड आणि रोमन यांच्या पुंजभौतिकी गणितानुसार ऋण ऊर्जेचा झोत जितका तीव्र, तितकी त्याची मुदत कमी.