मे महिन्यातला नागपूर आणि अठरा लिटरचा पीसी

मागून जो घर्रर्र आवाज येऊन राहिला तो कूलरचा आहे. बंद करता येणार नाही, वरच्या मजल्यावर राहतो ना राजेहो.

आजचा प्रश्न तुम्हीच विचारलेला: छोटा गेमिंग पीसी घ्यावा का, आणि घेतला तर पुढे अपग्रेड होतो का?

माझ्याकडे २०२० पासून असा पीसी आहे. केस कूलर मास्टर एनआर२००, आकार १८.२५ लिटर. आत मिनी-आयटीएक्स बोर्ड, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटर, एक वीतही नाही. हा आकार व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणला. त्यावर रॅमच्या जागा दोनच आणि कार्डाची जागा एकच. मोठ्या बोर्डावर "आठ जीबी नंतर लावू" चालते, इथे नंतर लावायला जागाच नसते. जुनी काढूनच नवीन लावावी लागते.

आता उन्हाळ्याचं बोलू. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. (२०२४ मधले ते ५६ अंश सोडून द्या, हवामान खात्यानेच सेन्सरची गडबड म्हटलं.) पीसीचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा आत ढकलतो. म्हणून खोली वीस अंशांनी तापली की त्याच कामाला आतलं तापमानही साधारण तेवढंच चढते. हिवाळ्यात ६५ दाखवणारं कार्ड मेमध्ये ८५ वर. मग ते स्वतःच वेग कमी करते.

मला गेम अडकला तरी चालते. पण मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, आणि लग्नसराई नेमकी नवतप्याच्या तोंडावर! रात्री दोनला रेंडर मध्येच बंद पडला तर सकाळी नवरीच्या काकांचा फोन येते. पीसीचा हप्ता याच पैशातून जातो.

म्हणून यंदा प्रोसेसर बदलला. जुना रायझन ५ ३६००. मित्र म्हणाले, ५७००एक्स३डी घे, गेमला भारी. भारी आहेच. पण तो १०५ वॉटचा, आणि मी घेतला ५७००एक्स, ६५ वॉटचा. कोअर आठच, एडिटिंगला पुरतात. पुण्यात एसीत बसणाऱ्याने खुशाल दुसरा घ्यावा.

एएम४ सॉकेट २०१६ चा, तरी बोर्ड तोच राहिला. फक्त बायोस अपडेट जुना प्रोसेसर लावलेला असतानाच करायचं. आधी काढलात तर नवीन प्रोसेसरवर बोर्ड कदाचित सुरूच होणार नाही. आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मरू शकते. मी पहाटे पाचला केलं, यूपीएसवर. संध्याकाळी वादळ सुटलं की आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही.

ग्राफिक कार्ड बदललं नाही. आरटीएक्स ३०६० आहे, १७० वॉटचं. त्याची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली, म्हणजे १३६ वॉट. गेममध्ये फरक मला तरी दिसला नाही, पंख्याचा आवाज मात्र कमी झाला. एक रुपया लागला नाही.

आणि कूलरसमोर पीसी ठेवू नका बा! खोली थंड होते हे खरं, पण थेट झोतात ठेवला तर दमट हवेत धूळ चिखलासारखी चिकटते, आणि पाण्याचे शिंतोडे आले तर पांढरे क्षारही. मी कूलर खिडकीत आणि पीसी बाजूच्या भिंतीशी ठेवलाय. दर पंधरा दिवसांनी जाळी काढून ब्रश मारतो.

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कसे चढले ते तुम्ही पाहिलंच. त्यामुळे चांगली डीडीआर४ रॅम असेल तर ती विकू नका, तिच्यावरच अपग्रेड बसवा.

पुढच्या भागात यूपीएस किती वॉटचा घ्यायचा ते पाहू. तुमच्या खोलीचं आणि कार्डाचं तापमान लिहून पाठवा, वाचतो मी.