टाळ्या आहेत, काळजी कुठे आहे?

(मोरगाव येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या भागात जत्रा म्हटली की तमाशा आलाच. त्यातला नाच्या लचकला की लोक हसतात. सोंगाड्या लंगडला, तोतरं बोलला की आणखी हसतात. आज मला एवढंच विचारायचंय, खेळ संपल्यावर या माणसांचं कोण बघतं?

आपल्याच जिल्ह्यातल्या विठाबाई नारायणगावकर. खेळ चालू असताना त्यांना कळा आल्या. पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. आपण हे धाडस म्हणून ऐकतो. त्या बाईला विसाव्याचा हक्क नव्हता, हे कुणी बोलत नाही. राष्ट्रपतींचं पदक मिळालं, तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागलं.

गणपत पाटलांनी सिनेमात नाच्या गाजवला. ते संसारी गृहस्थ. पण लोकांनी भूमिका आणि माणूस एकच धरला, टिंगल घरापर्यंत आली. "ते तसे नव्हते हो," असं आपण हळहळून म्हणतो. समजा असते, तर टिंगल रास्त ठरली असती का?

वेगळी वाटही आहे. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास स्वागत थोरात यांनी ८८ अंध कलाकारांना घेऊन नाटक बसवलं. तिथं आंधळेपणाची नक्कल नव्हती, अंध माणसं स्वतःच रंगमंचावर उभी होती.

आता घरात पाहू. अपंग मुलीचं, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं बाईनं करायचं आणि त्याला काम म्हणायचं नाही. दोन बाया एकमेकींच्या आधारानं संसार करत असतील, तर एकीच्या आजारपणात दुसरीला विचारतात, "तुमचं नातं काय?" २०१८ साली ३७७ कलमाची टांगती तलवार गेली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. मात्र २०२४ साली केंद्राने राज्यांना कळवलं, की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातलं धरावं. आपल्या तहसील कचेरीत हे ठाऊक आहे का? गटानं जाऊन विचारू या.

आणि आपली पथनाट्यं? लंगडी चाल, बायकी चाल हशासाठी वापरणं बंद. अपंग मैत्रिणी, तृतीयपंथी मैत्रिणी, बाईवर प्रेम करणाऱ्या मैत्रिणी स्वतः उभ्या राहतील, त्यांना वाटेल ते सांगतील. तालमीची जागा पायऱ्या नसलेली हवी. त्या दिवशी त्यांच्या घरचं कोण बघणार, हे आधी ठरवू. टाळ्यांचं नंतर पाहू.