हॉलमधला दुसरा राउटर



ऑफिसातल्या मुख्य राउटरवर आपले सीसीटीव्ही आणि हिशेबाचा संगणक आहे. हॉलचा दुसरा राउटर आपण मुद्दाम त्याच्या गेस्ट नेटवर्कला जोडला. बारशाला आलेल्या पाहुण्याला इंटरनेट मिळतं, कॅमेरे दिसत नाहीत. बँकेत काउंटरच्या अलीकडे गिऱ्हाईक आणि पलीकडे तिजोरी, तसंच.

पण ती भिंत मलाही आडवी आली. हॉलचा राउटर अडला की त्याचं सेटिंगचं पान घरातून उघडेना. चार जिने उतरायचे. माझे गुडघे तुम्हाला ठाऊकच आहेत! कुणी सुचवलं, "काका, ते पान इंटरनेटवर खुलं करा." मी साफ नाही म्हटलं. पासवर्ड ओळखू पाहणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात.

मग मुख्य राउटरवर व्हीपीएन सुरू केलं आणि दुसऱ्याला कायमचा पत्ता दिला. ऑफिसकडून हॉलकडे जाता येईल, हॉलकडून ऑफिसात नाही, असा नियम घातला. दुसऱ्या राउटरच्या पानावर फक्त माझ्या व्हीपीएनच्या पत्त्याला प्रवेश. यात एकदा एक आकडा चुकला आणि मी स्वतःच बाहेर! रात्री साडेदहाला खाली जाऊन, वॉचमनकडून टॉर्च धरवून, राउटर रीसेट करून सगळं पहिल्यापासून भरलं.

पासवर्डचं सीलबंद पाकीट चिटणीसांकडे दिलंय. पण बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे असत. इथे कामाचा माणूस मी एकटा, आणि वय ७७. तरुणांपैकी कुणाला शिकायचं असेल, तर रविवारी सकाळी मी ऑफिसात असतो.