किल्ली कुणाच्या हातात?



बँकेच्या शाखेतली तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली कॅशिअरकडे, दुसरी शाखाधिकाऱ्याकडे. दोघं समोरासमोर उभे राहिल्याशिवाय दार हलत नाही, आणि त्यात कुणाला आपल्यावर संशय घेतला असं वाटत नाही. उलट उद्या रक्कम कमी भरली तर दोघांनाही त्या दोन किल्ल्यांचाच आधार असतो. संगणक आला तेव्हा हीच शिस्त आपण त्यात घातली: व्हाऊचर एकानं टाकायचं, दुसऱ्यानं पास करायचं. पण तिजोरीची किल्ली जिवापाड जपणारी आपण सहकारी बँका-पतसंस्थांतली माणसं पासवर्ड मात्र कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर लिहून ठेवतो. साहेब बैठकीला अमरावतीला गेले की त्यांच्या लॉगिनमधून क्लार्कच पासिंग उरकतो. कागदोपत्री दोन माणसं, प्रत्यक्षात एकच. कार्यालयाबाहेरून काम करण्याचा प्रश्नही माझ्या मते इथूनच सुरू होतो. टेबल कुठंही असू द्या, किल्ली ज्याची त्याच्याच हातात हवी.

घरून काम ही पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांची गोष्ट, आपल्या परतवाड्यात तिचं काय, असं कुणी म्हणेल. मार्च 2020 च्या टाळेबंदीत ती पद्धत देशभर पसरली हे खरं. पण आपल्याकडे ती लॅपटॉपवरून नाही, खिशातल्या मोबाईलवरून आली. कर्जदाराच्या आधारकार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो. तो ज्या फोनमध्ये पडून राहतो, त्याच फोनवर संध्याकाळी घरातलं पोर खेळत बसतं. ओटीपी फोनवरून वाचून दाखवला जातो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा ही माहिती सांभाळायची जबाबदारी संस्थेवर टाकतो, आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. म्हणजे दुरून काम आपण कधीच स्वीकारलं आहे, फक्त त्याचे नियम केलेले नाहीत.

‘आपली संस्था एवढीशी, तिच्यावर कोण कशाला डोळा ठेवील?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो अनेकांच्या मनात आहे. पुण्याची कॉसमॉस बँक 1906 सालची, सहकारातलं मोठं नाव. ऑगस्ट 2018 मध्ये दोन हल्ल्यांत तिचे सुमारे 94 कोटी रुपये गेले. 11 ऑगस्टला 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. 13 ऑगस्टला जवळपास 14 कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. तिथं कारण पासवर्डची चिठ्ठी नव्हतं, यंत्रणेत घुसवलेला घातक प्रोग्रॅम होता. पण चोर सहकारी बँकेकडे वळत नाही, हा समज त्या दोन दिवसांत संपला. त्याच वर्षी 19 ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली, आणि 31 डिसेंबर 2019 ला बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार पातळ्या ठरवल्या. लहान बँकेवर भार कमी आहे, पण सूट कुणालाच नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि तो कर्मचाऱ्यांचा आहे. माणसं कमी, मार्चएंडची घाई, अधिकारी वसुलीसाठी मेळघाटात गेलेला. सेमाडोहच्या जंगलात रेंज नाही. धारणीच्या वाटेवरचं हरिसाल 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. पण एका गावात इंटरनेट आल्यानं घाटातला सगळा रस्ता जोडला जात नाही. अशा वेळी समोर शेतकरी उभा, पैसे अडकलेले. अधिकाऱ्याचा पासवर्ड वापरला नाही तर शेतकऱ्यानं परत जायचं का? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी बेजबाबदार म्हणणार नाही. बेजबाबदार आहे ती संस्था, जी नियम भिंतीवर चिकटवते आणि पर्यायी अधिकारी नेमत नाही. रजेच्या किंवा दौऱ्याच्या दिवसापुरता दुसऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नावानं पासिंगचा अधिकार देता येतो. तशी सोय सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर ती पुरवठादाराकडून करून घ्यावी. मग काम अडत नाही, आणि कुणी काय केलं याची नोंदही खरी राहते.

नोंद खरी राहण्यात कर्मचाऱ्याचंच रक्षण आहे. डिजिटल सहीचा डोंगल दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यांनी माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 42 जरूर वाचावं. सहीची खाजगी किल्ली सांभाळणं हे सही ज्याच्या नावावर आहे त्याचं कर्तव्य आहे. ती फुटल्याचं त्यानं प्रमाणन संस्थेला कळवेपर्यंत जबाबदारी त्याच्यावरच राहते. विश्वासानं दिला होता, हे उत्तर तिथं चालत नाही.

मात्र सगळी सावधगिरी खालच्या माणसानंच बाळगायची, हे मला मान्य नाही. रात्री दहा वाजता ग्रुपवर ‘अर्जंट’ म्हणून आकडे मागायचे आणि घरच्या फोनवरून माहिती गेली की त्यालाच दोष द्यायचा, हा अन्याय आहे. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सनं 2017 पासून कायद्यात आणला. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी तसं खाजगी विधेयक 2018 मध्ये मांडलं. कायदा होईल तेव्हा होवो. संचालक मंडळाच्या एका ठरावाला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून इथं बसलेल्या संचालकांना माझी विनंती आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तीन ठराव घ्या: पर्यायी अधिकाऱ्याची नेमणूक, बाहेरच्या कामासाठी संस्थेचा स्वतंत्र फोन, आणि संध्याकाळनंतरच्या संदेशांना मर्यादा. आणि कर्मचारी मित्रांनो, सोमवारी शाखेत गेल्यावर कीबोर्डखालची ती चिठ्ठी फाडा आणि पासवर्ड बदला.