प्रतिकृतीची जाडी आणि मुलाचा हिशेब

(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यान)



शाळेच्या प्रदर्शनात मांडलेली प्रतिकृती पाहताना पाहुण्यांचे लक्ष रंगाकडे जाते. शिक्षकाचे लक्ष मात्र ती कोणाच्या हातून झाली याकडे गेले पाहिजे. दुकानातून आणलेली किंवा वडीलधाऱ्यांनी जागून करून दिलेली प्रतिकृती देखणी असते. परंतु तिच्यापासून मुलाच्या पदरात काही पडत नाही. साखर कारखान्याच्या हंगामात पालावर राहून शाळेत येणाऱ्या मुलाला तर या शर्यतीत उभेच राहता येत नाही. वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाचा विचार मांडला. हात चालू लागला म्हणजे बुद्धीला प्रश्न पडू लागतात, हे त्याचे मर्म होय. प्रतिकृतीच्या कामात असा पहिला प्रश्न जाडीचा असतो.

पुठ्ठा स्वस्त खरा. पण पावसाळी हवेत तो फुगतो व वाकतो. प्लॅस्टिकच्या शीटला ती बाधा होत नाही. या कामाला पॉलिस्टायरीनची शीट उत्तम. थर्माकोल हे त्याच द्रव्याचे फुगविलेले रूप. त्याच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. पॉलिस्टायरीनची शीट पाव, अर्धा, पाऊण, एक, दीड व दोन मिलिमीटर अशा जाडीत मिळते. मोठ्या कामाला तीन व पाच मिलिमीटरचा सनबोर्ड चालतो. जुन्या फायलींची कव्हरे मात्र बहुधा पॉलिप्रोपिलीनची असतात व नेहमीच्या गोंदाने ती चिकटत नाहीत.

आता आपल्याच शाळेची प्रतिकृती १:५० प्रमाणात करावयाची आहे असे समजू. खोलीची लांबी साडेसात मीटर असल्यास ती १५ सेंटिमीटर होईल. विटांची भिंत २३ सेंटिमीटर जाड असेल, तर प्रतिकृतीत ती ४.६ मिलिमीटर हवी. दीड मिलिमीटरच्या तीन शीटा एकावर एक चिकटविल्या की साडेचार मिलिमीटर भरतात. उरलेला फरक ०.१ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या भिंतीत अर्धा सेंटिमीटर. पाच मिलिमीटरचा सनबोर्ड घेतला तर भिंत दोन सेंटिमीटरने जाड होईल. एवढी चूक चालेल की नाही, हे मुलांनीच ठरवावे. जुन्या दगडी इमारतीची ४५ सेंटिमीटरची भिंत नऊ मिलिमीटर होते. ती भरीव करू नये. एकेक मिलिमीटरच्या दोन शीटा घेऊन मध्ये सात मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या उभ्या लावाव्यात. साडेतीन सेंटिमीटरच्या दाराच्या फळीला पाऊण मिलिमीटरची शीट पुरते.

छपराचा लोखंडी पत्रा मात्र या हिशेबात बसत नाही. प्रत्यक्षातच तो मिलिमीटरहून पातळ असतो. त्याच्या पन्नासाव्या भागाची शीट कोठून आणणार? येथे पाव मिलिमीटरची शीट घ्यावी व खालून आधार द्यावा. यावरून एक नियम निघतो: जेथे कड डोळ्यांना दिसते, म्हणजे खिडकी, दार, वळचण, तेथे जाडी प्रमाणाने ठरवावी, जेथे कड झाकलेली असते तेथे मजबुतीने ठरवावी.

मजबुतीचेही गणित आहे. जाडी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. दोन पुस्तकांवर अर्धा व एक मिलिमीटरच्या सारख्याच रुंदीच्या पट्ट्या ठेवून मध्यभागी नाणी ठेवावीत. वाक किती पडतो ते मुले स्वतः मोजतील. शीटची जाडी ठाऊक नसेल तर तिचे दहा सारखे तुकडे रचून फूटपट्टीने मोजावेत व दहाने भागावे. दशांश अपूर्णांकाचा याहून चांगला पाठ फळ्यावर देता येणार नाही.

भूगोलाच्या उठाव नकाशालाही हीच रीत लागू पडते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन समोच्च रेषांतील अंतर सामान्यतः २० मीटर असते. त्याच प्रमाणात एक थर अवघा ०.४ मिलिमीटर होईल, आणि घोड व भीमेच्या काठचा सपाट मुलूख डोळ्यांना उठून दिसणारच नाही. म्हणून एक मिलिमीटरचा थर घेऊन उंची अडीचपट वाढवावी, आणि ते प्रतिकृतीवर स्पष्ट लिहावे. दौंडच्या मुलांना रेल्वे घराजवळची. तेथील रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर. १:८७ प्रमाणात ते सुमारे १९.३ मिलिमीटर होते. बाजारातील त्या प्रमाणाचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो परदेशातील अरुंद मार्गावरून घेतला आहे. पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाला सहल नेता आली, तर हे सूक्ष्म काम किती चिकाटी मागते ते मुलांना कळेल.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. कटर वरच्या वर्गांतील मुलांच्याच हाती, शिक्षकासमक्ष द्यावा. पोलादी पट्टी धरून हलके हात दोनतीनदा फिरवावेत व खाच पडली की शीट वाकवून मोडावी; एक मिलिमीटरपर्यंत ती सरळ मोडते. द्रावणाने शीट विरघळून सांधा एकजीव होतो. हे काम खिडक्या उघड्या ठेवून शिक्षकानेच करावे. थर्माकोलला ते द्रावण लावू नये, तो विरून जातो. बंद पोकळीला आतून बारीक छिद्र ठेवावे. नाहीतर कोंडलेल्या वाफेने पुढे भिंती वाकतात. उरलेले तुकडे जाळू नयेत. डब्यात जपावेत, पट्ट्यांना उपयोगी पडतात.

प्रथम वहीच्या जुन्या पुठ्ठ्यावर आराखडा कापून पाहावा; शीट त्यानंतरच घ्यावी. खर्च थोडा होतो आणि पालावरचे मूलही कामात मागे राहत नाही. त्या मुलाने आपल्या खोपटाची लांबी पावलांनी मोजून प्रमाणात उतरविली, तर तिला प्रदर्शनात मानाचे स्थान द्यावे. भिंत किंचित तिरकी उभी राहिली तरी चालेल. ती तेवढीच जाड का, हे मुलाला सांगता आले म्हणजे शिक्षकाचे श्रम सार्थकी लागले.