सिंधुदुर्गाची सहल आणि समुद्राचे वेळापत्रक

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे कोल्हापुरातील घराघरांतून समुद्राची गोष्ट निघते. पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी ही स्थळे हाताशी आहेत, आणि हाताशी आहेत म्हणूनच मुलांच्या लेखी ती सहलीची स्थळे नव्हेत. मुलांना समुद्र हवा असतो आणि त्यातही बेट हवे असते. अलीकडे परदेशच्या सहलींच्या जाहिरातींतून लोंबोकजवळील गिली बेटांची चित्रे दिसतात. त्या बेटांवर मोटारीला मज्जाव आहे. घोडागाडी, सायकल आणि स्वतःचे पाय यांवर तेथील बराचसा कारभार चालतो. चित्रे पाहून घरातील मंडळी मोठ्या उत्साहाने कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि विमानाच्या भाड्यापाशी येऊन थबकतात. मोटार नसलेले, माडांच्या सावलीचे आणि उष्ण कटिबंधातील समुद्राने वेढलेले एक बेट मालवणच्या किनाऱ्यासमोर उभे आहे, आणि एके काळी ते कोल्हापूरच्याच राज्यात मोडत होते, हे त्या वेळी कोणास आठवत नाही.

ते बेट म्हणजे कुरटे बेट; त्यावरचा किल्ला सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी 1664 साली त्याच्या बांधकामास आरंभ केला. पुढे किल्ला कोल्हापूरकरांकडे आला. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेतला, वर्षभराने परत केला आणि 1812 च्या तहाने तो कायमचा त्यांच्या हाती गेला. आतील शिवराजेश्वराचे मंदिर राजाराम महाराजांनी उभारले आणि त्यापुढील सभामंडप राजर्षी शाहू महाराजांनी बांधविला. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत सिंधुदुर्गही आहे. इतिहास एवढा पुरे. सहलीची सिद्धता करणाऱ्याने खरा विचार करावयाचा तो समुद्राचा.

एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आजीचे गुडघे दुखतात. आईवडिलांना कचेरीतून जेमतेम चार दिवसांची रजा मिळाली आहे. थोरला मुलगा चौदा वर्षांचा, धाकटी मुलगी सहा वर्षांची. अशा घरी बहुधा काय होते? प्रथम राहण्याची जागा ठरते, मग जेवणाची चर्चा होते. तांबड्या-पांढऱ्या रश्शावर वाढलेल्या जिभेला मालवणी कालवण आणि सोलकढी मानवेल की नाही, यावर एक संध्याकाळ खर्ची पडते आणि मसाल्याची एक पुडी खबरदारी म्हणून पिशवीत जातेच! तिथी मात्र कोणीच पाहत नाही. पंचांग लग्नमुंजीसाठी आणि उपवासासाठी, अशी समजूत शहरात रूढ झाली आहे. किनाऱ्यावरच्या माणसाचे तसे नाही.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा हिशेब फार सोपा आहे. पक्षातील तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकराच्या आसपास. दिवसातून दोन भरत्या येतात आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. हा हिशेब स्थूल आहे, थोडा इकडेतिकडे होतो. परंतु भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून चौदा वर्षांच्या मुलालाही तो मांडता येतो, आणि मांडावयास त्यालाच सांगावे. ज्या मुलाने भरतीची वेळ स्वतः काढली आहे, तो पाण्यात उतरण्याविषयीचे आईचे बोलणे अधिक ऐकतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. पाणी फार चढते आणि फार उतरते, म्हणून ओढही मोठी असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. त्या दिवसांत चढउतार कमी. लहान मुले आणि म्हातारे माणूस बरोबर असता लक्ष्मीपूजनानंतर लगेच धावत सुटण्यापेक्षा पाडवा-भाऊबीज घरी करून कार्तिक शुद्ध सप्तमी ते नवमी हे दिवस धरावेत. शाळेची सुटी तोवर बहुधा शिल्लक असते, आणि दिवाळीची पहिली गर्दीही तोपर्यंत थोडी ओसरते. अष्टमीस दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी संपून पाणी भरू लागते. तेव्हा तिसऱ्या प्रहरी, ऊन उतरल्यावर, चढत्या पाण्यात गुडघाभर डुंबता येते. उतरत्या पाण्यात मात्र पोहता येणाऱ्यानेही धाडस करू नये. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या महाविद्यालयातील आठ तरुण जीव गेले. तीही सहलच होती. घाटावरचा माणूस पंचगंगेत पोहावयास शिकतो. नदीचा प्रवाह त्यास डोळ्यांनी दिसतो. समुद्राची ओढ वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखालून चालते. म्हणून उतरण्यापूर्वी तेथील कोळ्यास विचारावे, आणि तो नको म्हणाला तर वाद न घालता वाळूत बसावे.

मे महिन्याच्या सुटीचा बेत करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पावसाळ्यासाठी 26 मे पासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची प्रवासी होडी बंद असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन किनाऱ्यावरूनच तट पाहून परतलेली कुटुंबे थोडी नाहीत.

वाट गगनबावड्यावरून घाट उतरून वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल अशी. किंवा राधानगरीवरून फोंडा घाटाने. कोणतीही धरली तरी सकाळी लवकर निघावे आणि घाटापूर्वी मुलांना पोटभर खाऊ घालू नये. मुक्काम मालवणात, तारकर्लीत किंवा देवबागेत करावा. किल्ल्यातून संध्याकाळी परतावेच लागते.

होडी दहा-पंधरा मिनिटांत बेटावर पोहोचविते. बसण्यापूर्वी सर्वांच्या अंगात तरंगजाकीट असावे, लहान मुलीचे तिच्या मापाचे आहे की नाही हे ओढून पाहावे. सैल जाकीट पाण्यात वर सरकते आणि मूल खाली राहते.

आत शिरल्यावर मात्र घाई संपते. अठ्ठेचाळीस एकरांचे ते बेट, सभोवार सुमारे तीन किलोमीटरचा तट, आणि फिरावयाचे ते पायीच. येथे कुटुंबाची गती आजीच्या पावलांनी ठरते, आणि हेच अशा बेटाचे मोठे सुख आहे. शहरात आजीला रिक्षात बसवून इतर पुढे जातात; येथे सर्वांना तिच्याबरोबरच चालावे लागते. तिने मंदिरात दर्शन घ्यावे; दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी पाहाव्यात आणि खाऱ्या समुद्राच्या मध्यभागी गोडे पाणी कसे, हा नातीचा प्रश्न सोडवावा. बेटावर मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर तोलून राहते, एवढे सांगितले तरी सहा वर्षांच्या मुलीस पुरते. इतरांनी तेवढ्यात तटावरून चक्कर मारून यावे. राणीची वेळा म्हणून तटाबाहेर एक चिमुकली पुळण आहे. तेथे ताराराणी स्नानास येत असत अशी आख्यायिका आहे. कोल्हापूरकरांनी ती चुकवू नये.

किल्ल्यात आजही काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या अंगणातून जाताना आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत हे मुलांस सांगावे. डबे, पिशव्या, बाटल्या जशा नेल्या तशा परत आणाव्यात. सभोवतालचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ तोडू नये आणि शिंपला उचलण्यापूर्वी आत प्राणी जिवंत आहे काय, हे उलटून पाहावे.

समोर पद्मगड नावाचे लहानसे बेट आहे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून तेथे चालत जाता येते, आणि थोरल्या मुलाचे पाय तिकडे वळणारच. त्याला जाऊ द्यावे; वडिलांनी बरोबर जावे. अष्टमीस बारा वाजता पाणी वळते, तेव्हा अकरास निघून साडेबाराच्या आत वाळूवर परत यावे. घड्याळ त्या मुलाच्याच मनगटावर बांधावे.