खोऱ्यातली कैफियत आणि जगाचा दरबार



भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील लेखक, शिक्षक आणि वाचक यांनी एकत्र येऊन भरविलेल्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. अध्यक्षाने साहित्याच्या प्रयोजनाविषयी बोलावे असा प्रघात आहे, आणि तो मोडण्याचा माझा विचार नाही. परंतु रोहिडा, राजगड आणि तोरणा यांच्या पायथ्याशी उभे राहून ते प्रयोजन शोधू लागलो की माझे मन एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. आपल्या मुलखात ज्याच्या गाऱ्हाण्याला दाद लागत नाही, त्याने जगापुढे जावे ते कोणत्या बळावर?

हा प्रश्न या भूमीला नवा नाही. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड अशा पाच तालुक्यांच्या भोर संस्थानात, वेळवंडी नदीवर भाटघर येथे मुंबई सरकारने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लॉइड धरण पुरे केले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण आणि माळशिरसपर्यंत गेले. ज्यांची भाताची खाचरे त्या पाण्याखाली गेली ते मात्र भोरच्या अधिपतींची, पंतसचिवांची, रयत होते, आणि म्हणून ज्या सरकारने धरण बांधले त्याच्या कौन्सिलात त्यांच्यातर्फे बोलणारा कोणी नव्हता, तर ज्या संस्थानचे ते प्रजाजन होते तेथे दरबारची मर्जी हाच अखेरचा निकाल होता. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले म्हणजे कांबरे येथील कांबरेश्वराचे देऊळ आजही उघडे पडते. देवळाबरोबर शेताचे जुने बांधही दिसू लागतात, आणि आमचा बांध कोणता हे सांगणारी माणसे या खोऱ्यात अजून आहेत.

दोन सत्तांच्या मध्ये सापडलेल्या अशा प्रजेची बाजू साता समुद्रांपलीकडे नेण्याचा जो उद्योग त्याच काळात झाला, त्याचे स्मरण आपण पुरेसे ठेवलेले नाही, असे मला वाटते. 1927 च्या डिसेंबरात मुंबईस अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद भरली. संस्थानिक आणि ब्रिटिश सार्वभौम सत्ता यांच्या संबंधांची चौकशी करण्यासाठी सर हारकोर्ट बटलर यांची समिती तेव्हा नेमली जात होती, आणि पुढे संस्थानिकांनी तिच्यापुढे सर लेस्ली स्कॉट यांच्यासारखा नामांकित कायदेपंडित उभा केला. त्याच्या समोर प्रजेतर्फे 1928 साली लंडनला गेलेल्या शिष्टमंडळात रामचंद्र राव, पोपटलाल चुडगर आणि आपल्या दक्षिणी संस्थानांतले, सांगलीचे गणेश रघुनाथ अभ्यंकर होते. प्रजेचे म्हणणे आमच्या कार्यकक्षेत येत नाही, असे सांगून समितीने त्यांची तोंडी साक्ष घेण्याचे नाकारले. तेव्हा त्यांनी लेखी निवेदन केले, ग्रंथ लिहिले, आणि ज्या जनतेच्या नावाने हिंदुस्थानावर राज्य चालत होते त्या इंग्रज जनतेपुढे आपली कैफियत मांडली. त्या प्रयत्नाला लगोलग फळ आले नाही. तथापि संस्थानी रयतेलाही हक्क आहेत ही गोष्ट तेव्हापासून राजा आणि सम्राट यांच्यातला खासगी व्यवहार राहिली नाही, आणि हे यश मला फार मोठे वाटते.

8 मार्च 1948 रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षी 10 डिसेंबरला पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. एका वर्षाच्या आत इथला माणूस नागरिकही झाला आणि जगाने मान्य केलेल्या हक्कांचा धनीही झाला. पण धरणे थांबली नाहीत. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि पुण्यावर जो प्रलय ओढवला त्याविषयी आपल्या भाषेत पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच धरणापायी आंबी नदीचे खोरे सोडून दौंडच्या उघड्या रानात ज्यांनी नवे गावठाण मांडले, आंबेमोहोर पिकवणाऱ्या हातांनी ज्यांना ज्वारीची शेती नव्याने शिकावी लागली, त्यांच्याविषयी आपण लेखकांनी किती लिहिले?

नर्मदेच्या खोऱ्याकडे पाहिले म्हणजे या उणिवेची किंमत कळते. जागतिक बँकेने 1985 साली सरदार सरोवरासाठी 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. महाराष्ट्रातली 33 गावे बुडीत क्षेत्रात जाणार होती. मेधा पाटकर यांनी 1989 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली; पुढे ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी नेमली गेली, आणि 1992 च्या तिच्या अहवालात आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा 107 क्रमांकाचा करार, जो भारताने 1958 सालीच स्वीकारला होता, तो आदिवासींच्या बाजूने पुढे ठेवण्यात आला. 1993 च्या मार्चअखेर भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले, आणि त्याच वर्षी बँकेने असे एक तपासणी मंडळ स्थापले की ज्याच्याकडे प्रकल्पग्रस्तांना थेट तक्रार करता येते. 1994 साली 44 देशांतील 326 संस्थांनी ज्या जाहीरनाम्याला पाठिंबा दिला, त्याला अक्कलकुव्यातल्या मणिबेलीचे नाव आहे. धरण पुढे पुरे झाले, ही गोष्ट मी लपवीत नाही. पण वॉशिंग्टनमधली चक्रे फिरली ती केवळ घोषणांनी फिरली नाहीत. कोणत्या पाड्यावर किती घरे, कोणाची नेवाड, म्हणजे रानात कसलेली, जमीन, कोणाची भरपाई कागदावरच राहिली, याची खडान्‌खडा माहिती गावकऱ्यांपाशी होती, आणि सरकारी दफ्तरात ती नव्हती. चौकशीला तेथे मूलभूत पाहणीच अपुरी आढळली.

परदेशातल्या सज्जनांनी आपल्या वतीने बोलावे यात मला कमीपणा वाटत नाही. सेनापती बापटांच्या मुळशी सत्याग्रहापासून आजवर या सह्याद्रीतल्या माणसांनी एकट्याने पुष्कळ सोसले आहे. पण त्यांनी बोलायचे ते आपल्या तोंडून आलेले असावे, एवढा माझा आग्रह आहे. कारण ज्याची जबानी कोणी घेतलेली नाही त्याच्या नावाने कोणीही काहीही बोलू शकतो. संयुक्त राष्ट्रांनी 1986 च्या जाहीरनाम्यात विकासाचा हक्क मान्य करताना माणसाला त्या विकासाचा सक्रिय सहभागी म्हटले आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याची उपजीविका नदीतल्या मासळीवर आणि रानातल्या लाकूडफाट्यावर चालली आहे, असा या डोंगरांतला कातकरी त्या सहभागात येतो की नाही? खातेदारांच्या यादीत तो सापडणे कठीण. तो जर आपल्या साहित्यातही सापडला नाही, तर जिनिव्हाच्या सभागृहात तो सापडेल कसा?

म्हणून या संमेलनाने वेळवंडी, नीरा, गुंजवणी, आंबी आणि मोसे या पाच खोऱ्यांसाठी पाच लहान मंडळ्या नेमाव्यात, अशी माझी सूचना आहे. प्रत्येक मंडळीत एक शिक्षक, एक लिहिती तरुणी आणि खोऱ्यातलाच एक जाणता माणूस असावा. बुडालेल्या गावांची, वाड्यांची आणि धनगरवाड्यांची नावे, उठून गेलेली घराणी, मिळालेली आणि न मिळालेली भरपाई, हे सारे सांगणाऱ्याच्याच बोलीत उतरून घ्यावे, त्याला वाचून दाखवावे, आणि त्याची संमती असेल तरच पुढे न्यावे. एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी, एक भोरच्या वाचनालयात. दौंडकडे गेलेल्यांच्या वस्त्याही यातून सुटता कामा नयेत. सांगणारी माणसे वयाने थकली आहेत, तेव्हा आगोटीपूर्वी कामाला आरंभ व्हावा. या आशयाचा ठराव मी आता सभेपुढे ठेवतो आणि त्याला अनुमोदन द्यावे अशी आपणांस विनंती करतो.